परत फिरणं शिकवता येतं

जुलै लागला की सह्याद्रीच्या पायथ्याला दोन गोष्टी ठरलेल्या असतात: धबधब्यांवर लोटणारी गर्दी आणि त्या गर्दीसाठी निघणारा मनाई आदेश. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं, त्यांत लहान मुलं, महाराष्ट्रातल्या असंख्य मोबाइलवर दिसली. काही दिवसांतच पुणे जिल्ह्यातल्या पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. पाऊस सरला की असे निर्बंध सरतात आणि पुढच्या जूनमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

मनाई आदेशाला माझा विरोध नाही. पाणी चढलेलं असताना काठावर पोलीस उभा करावाच लागतो. पण एका जिल्ह्यात असे ओढे शेकड्यांनी असतात आणि पोलीस मोजके. ज्या ओढ्यावर पोलीस नाही तिथे माणसाजवळ त्याचं स्वतःचं ज्ञान तेवढं असतं, आणि ते देण्याची कसलीही व्यवस्था आपण उभी केलेली नाही. डोंगरात, पाण्यात, रानात कसं वावरायचं हे आपल्याकडे नशिबाने शिकायचं असतं. एखादा जाणता मित्र भेटला, एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेत वेळेवर पाऊल पडलं, तर शिकलो. नाहीतर राहिलं.

माझं म्हणणं असं आहे की ही कौशल्यं शाळेतल्या गणितासारखी नीट आखलेल्या पाठांतून शिकवली पाहिजेत, आणि त्या आखणीच्या मध्यभागी एकच गोष्ट असली पाहिजे: शिकणाऱ्याने स्वतः निर्णय घेणं, त्यातही थांबण्याचा आणि परत फिरण्याचा. दोर, गाठी, नकाशा, प्रथमोपचार ही सगळी त्या निर्णयाची साधनं आहेत. आज जिथे कुठे काही शिकवलं जातं तिथे बहुधा साधनं शिकवली जातात आणि निर्णय म्होरक्याकडे राहतो.

एखाद्या साहस शिबिराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. चाळीस-पन्नास मुलं, दोन दोर, कातळाचा एक टप्पा. मुलं रांगेत बसलेली. एकेकाला कमरेला हार्नेसचे पट्टे चढवतात, हेल्मेट घालतात, कॅरॅबिनरची कडी दोरात अडकवतात, वरून बेले देतात, म्हणजे दोर धरून सांभाळतात, आणि मूल खाली उतरतं. फोटो निघतो, टाळ्या पडतात. मुलाला आनंद होतो, भीती थोडी मोडते, आणि हे काही कमी मोलाचं नाही. पण त्या दिवशी त्याने शिकलं काय? गाठ दुसऱ्याने मारली, तपासली दुसऱ्याने, दोर दुसऱ्याने धरला. तीन तास वाट पाहून त्याच्या वाट्याला दहा मिनिटं आली आणि त्या दहा मिनिटांतही प्रत्येक निर्णय दुसऱ्याचा होता. घरी आल्यावर ते सांगतं, ‘मी रॅपलिंग केलं.’ पुढे कॉलेजात गेल्यावर कुणी स्वस्तातला दोर घेऊन कड्यावर बोलावलं, तर या अनुभवाने त्याला फक्त धीट केलेलं असतं. धोका ओळखण्याच्या कामी तो येत नाही, आणि असा धीटपणा मला काळजीचा वाटतो.

हाच दिवस दुसऱ्या पद्धतीने आखता येतो. बारा मुलं, दोघं शिकवणारे, आणि सकाळचा सगळा वेळ सपाट जमिनीवर. प्रत्येकाच्या हातात दोराचा तुकडा. फिगर ऑफ एटची, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची, गाठ स्वतः मारायची, शेजाऱ्याची तपासायची, सोडायची, पुन्हा मारायची. मग डोळे मिटून. मग दोर पाण्यात बुडवून, कारण खरा दोर ओला आणि बोटं गारठलेली असण्याचीच शक्यता जास्त. शिकवणाऱ्याने मधूनच एक चुकीची गाठ मारून रांगेत ठेवायची आणि ती कोण पकडतो ते पाहायचं. दुपारी माणसाच्या उंचीच्या कातळावर बेले देण्याचा सराव, त्याला आधार म्हणून मागे दुसरा दोर. या दिवसाचे फोटो फारसे चांगले येणार नाहीत, पण संध्याकाळी प्रत्येक मुलाला दुसऱ्याची गाठ तपासून ‘थांब, ही बरोबर नाही’ असं म्हणता येईल. पाठाचं उद्दिष्ट हेच एक वाक्य असावं आणि ते आदल्या दिवशी कागदावर लिहिलेलं असावं.

उद्दिष्ट लिहिताना बहुतेक चूक होते ती इथेच. ‘ओढा कसा ओलांडावा’ असं लिहिलं की सगळा दिवस ओलांडण्यात जातो आणि मुलं एवढंच शिकतात की ओढा दिसला की ओलांडायचा असतो. मी ते असं लिहीन: ‘दिवसअखेर प्रत्येक मुलाने ओढ्याकाठी उभं राहून, ओलांडायचा की नाही हे एकट्याने ठरवावं आणि कारणं सांगावीत.’ एवढा बदल केला की पाठाची जागा, वेळ, साहित्य सगळंच बदलतं.

ओढ्याचाच पाठ जरा सविस्तर मांडतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात माणसं कड्यांइतकीच पाण्यात जातात. पहिला पाठ भर जुलैत घेऊ नये. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, पाणी वाहतं पण शांत असताना, घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली असलेला ओढा निवडावा. शिकवणाऱ्याने आधी जाऊन खालचा पन्नास-शंभर मीटरचा प्रवाह पायी पाहून यावा. पाय सुटला तर मूल जाईल कुठे, हा जागा निवडण्याचा पहिला प्रश्न. खाली धबधबा असेल, मोठे धोंडे असतील, पडलेलं झाड आडवं असेल, तर ती जागा कितीही सोयीची असो, सोडून द्यावी.

मुलांना आल्याआल्या पाण्यात उतरवायचं नाही. काठावर दहा मीटरचं अंतर मोजायला लावायचं आणि वरून पान सोडायचं. दहा सेकंदांत ते खालच्या खुणेला पोचलं तर वेग सेकंदाला एक मीटर. पाच सेकंदांत पोचलं तर वेग दुप्पट, आणि वेग दुप्पट झाला की पायांवरचा जोर चौपट होतो. सातवीच्या मुलाला हे आकडे फळ्यावर दाखवले तर तो ते उतरवून घेईल. पान सोडून, सेकंद मोजून आणि मग शिक्षकाचा हात धरून त्या पाण्यात उभं राहून जोर अंगावर घेतला की ‘चौपट’ म्हणजे काय ते त्याला कायमचं कळेल. दुसरं काम म्हणजे पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची आणि पंधरा मिनिटांनी येऊन पाहायची. पाणी काठीच्या वर गेलं की खाली आलं? सह्याद्रीतल्या ओढ्यांचं पाणलोट लहान आणि उताराचं असतं, खाली काळा कातळ असतो. माथ्यावर पाऊस झाला की पायथ्याला ऊन असतानाही पाणी थोड्या वेळात चढतं. त्याची चिन्हं आधी दिसतात. पाणी गढूळ होतं, काटक्या आणि पाला वाहून येऊ लागतो, आवाज जड होतो, वरचा माथा ढगात गेलेला असतो. ही चिन्हं मुलांनी एकमेकांना विचारून तोंडपाठ करावीत असं मला वाटत नाही. वेगवेगळ्या वेळी त्याच ओढ्यावर नेऊन ‘मागच्या खेपेपेक्षा काय वेगळं आहे?’ एवढंच विचारावं.

त्यानंतर ओलांडण्याचं तंत्र. ते खरं तर लवकर आटपतं: बूट पायांतच ठेवायचे, सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी तिसरा पाय म्हणून, एका वेळी एकच टेकू हलवायचा.

तंत्र झालं की पाठाचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो आणि तो मी कधीही गाळणार नाही. मुलांना सांगायचं की पलीकडे गाडी उभी आहे, अंधार पडायला तासभर आहे, अर्धे जण ओलांडून गेले आहेत, आणि रोवलेल्या काठीवर पाणी बोटभर चढलं आहे. आता बोला. शिकवणारा घाई करणाऱ्या दादाची भूमिका घेतो. ‘अरे चला, एवढंसं तर पाणी आहे, घरचे वाट बघतायत.’ मुलांनी त्याला नकार द्यायचा, मोठ्याने, कारणांसकट. पहिल्यांदा बहुतेक गप्प बसतात. मोठ्या माणसाला, त्यातही शिक्षकाला, ‘नाही’ म्हणायची सवय आपण मुलांना लावलेलीच नसते. अपघातांमागे नुसतं पाणी नसतं, हा गप्पपणाही असतो. कुणाला तरी आतून वाटत असतं की हे बरं दिसत नाही, आणि तो बोलत नाही. बोलण्याचा सराव घेता येतो. गाठीचा घेतात तसाच, पुन्हा पुन्हा.

वेळेचा पाठही याच धर्तीचा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला. आजच्या मापात तो असा सांगतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावातून चढ आठशे मीटरच्या आसपास. म्हणजे नुसत्या उंचीपोटी ऐंशी मिनिटं, त्यात नकाशावर मोजलेल्या अंतराची भर. हा हिशोब न थांबणाऱ्या, सरावलेल्या माणसाचा. मुलांनी आधी कागदावर आपल्या गटाची वेळ काढावी, मग चालून पाहावं आणि दोन्हींतला फरक स्वतः शोधावा. शिड्यांवरची रांग, पाणी प्यायला थांबणं, चिखल, एखाद्याचा दुखरा गुडघा. पुढच्या खेपेला ते आपला आकडा आपणच दुरुस्त करतील. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक गटाने एक वेळ लिहून ठेवावी: इतके वाजले की जिथे असू तिथून परत. माथा दहा मिनिटांवर असला तरी परत. ही लिहिलेली वेळ एकदा तरी प्रत्यक्ष पाळायला लागावी म्हणून शिकवणाऱ्याने मुद्दाम उशिरा निघावं, असंही मी म्हणेन. माथा न गाठता उतरलेला गट त्या दिवशी सर्वांत जास्त शिकून येतो. त्याला मग कुणी ‘अर्धवट राहिलं’ असं म्हणू नये, आणि पालकांना हे आधीच सांगून ठेवलेलं असावं.

साप या विषयावर शिबिरांमध्ये तासभर चित्रं दाखवतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची ओळख हवीच. पण चावल्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. माणसाला शांत ठेवायचं, हलू द्यायचं नाही, कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचवायचं. यातलं ‘पोचवायचं’ हेच आपण शिकवत नाही. दोन काठ्या आणि दोन-तीन सदरे यांचं स्ट्रेचर करून त्यावर झोपवलेल्या एका मुलाला बाकीच्यांना पायवाटेवरून पाचशे मीटर न्यायला लावा. घड्याळ लावा. आठ जण आलटूनपालटून धरतात आणि तरी हात भरून येतात, सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्यावर तर पाऊलच पडत नाही. मग तीच मुलं विचारू लागतात की दोघांना पुढे पळवून गावातून माणसं आणावीत का, रेंज कुठे येते, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं. हे प्रश्न मुलांकडून आले की पाठ साधला. शिकवणाऱ्याकडे मात्र त्यांची उत्तरं आदल्या दिवशीच लिहिलेली असली पाहिजेत, तीही त्या विशिष्ट जागेसाठी.

पायरीने शिकवण्याची ही रीत नवी नाही. दार्जिलिंगची हिमालयन माउंटनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ची, उत्तरकाशीची नेहरू माउंटनियरिंग इन्स्टिट्यूट १९६५ची. उत्तरकाशीला आधी टेखलाच्या कातळावर हात बसवतात, मग डोकराणी बमक हिमनदीवर नेतात. बेसिक कोर्समध्ये ‘ए’ श्रेणी मिळाल्याशिवाय ॲडव्हान्स कोर्सला घेत नाहीत. मराठी मुलंमुली कित्येक वर्षं तिथे जाऊन शिकत आली आहेत, आणि तिथली शिस्त इथल्या संस्थांमध्ये आणणारीही तीच. पण तिथली मूळ शिकवण बर्फ आणि उंचीसाठी आहे. घसारा, शेवाळलेला कातळ, नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, येणारं पाणी, एप्रिलचं ऊन आणि आग्या मोहोळ यांचा अभ्यासक्रम आपल्यालाच लिहावा लागेल. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, ते योग्यच झालं. त्याचा भर आयोजकावर आहे: नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेची साधनं. आयोजकाबरोबर आलेला माणूस घरी जाताना काय शिकून गेला, हे त्या कागदांतून कळत नाही. आणि धबधब्यावर स्वतःच्या गाडीने येणाऱ्या कुटुंबाला तर आयोजकच नसतो.

म्हणूनच हा विषय शाळेत जायला हवा, आणि त्यासाठी दार आधीच उघडं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत आणि मुलांनी स्थानिक कारागिरांबरोबर काम करून शिकावं असं सुचवलं आहे. सुतार, माळी, कुंभार अशी उदाहरणं तिथे दिली आहेत. डोंगराखालच्या गावातला वाटाड्या त्याच पंगतीत बसतो. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांमधली माणसं जे जाणतात ते कुठल्याही कोर्समध्ये नाही: कुठल्या नाळेतून दगड येतात, कुठल्या टाक्याचं पाणी मे महिन्यापर्यंत टिकतं, धुकं उतरलं तर ढोरवाट कुठून धरायची. आज आपण त्यांना पुढे चालायला लावतो, दिवसाचे पैसे देतो आणि सोडून देतो. मुलांनी त्यांना प्रश्न विचारायचे, वाट मुलांनी शोधायची आणि चुकलं तरच वाटाड्याने बोलायचं, अशी रचना केली तर तो शिक्षक होतो. मग त्याचं मानधनही शिक्षकाचंच असायला हवं.

याला येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला शिक्षकांच्या ओझ्याचा. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं, आणि आता हे? हे काम वर्गशिक्षकाने एकट्याने करावं असं मी म्हणतच नाही. राज्यभर गिर्यारोहण संस्था आहेत, आणि बचावकार्यासाठी रात्री-अपरात्री निघणारी माणसं त्यांच्यातच आहेत. अपघातानंतर प्रशासन त्यांना हक्काने बोलावतं. अपघाताआधी बोलावण्याची रीत मात्र पडलेली नाही. वर्गशिक्षकाचं काम मुलांना ओळखण्याचं: कोण घाबरतं, कोणाला दमा आहे, कोण दुसऱ्याच्या दडपणाखाली येतं.

दुसरा आक्षेप धोक्याचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि अनेक मुख्याध्यापकांनी निसर्गाच्या जवळ जाणंच टाळलं. त्यांची भीती खोटी नाही. उत्तम संस्थेलाही डोंगर माफ करत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलन झालं, त्यात उत्तरकाशीच्या त्याच संस्थेतले प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले. शिकवण्याने धोका संपतो असा दावा कुणी करू नये. पण सहल आणि पाठ यांत फरक आहे. सहलीत मुलं अनोळखी जागी, मोठ्या संख्येने, ठरलेलं काम नसताना पाण्याजवळ मोकळी सुटतात. पाठात बारा मुलं, ओळखीची जागा, एक काम, आणि थांबवण्याची वेळ आधी लिहिलेली असते. सुरुवात तर शाळेच्या मैदानावरूनच करायची. पुण्यातल्या मुलांना दिशा आणि नकाशा शिकायला वेताळ टेकडी पुरते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात. त्यांतली एक रेषा ओलांडताना पायांना किती चढ लागतो, हे कळायला हरिश्चंद्रगडावर जावं लागत नाही.

खर्चाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काठ्या, दोराचे तुकडे, नकाशाच्या प्रती, जाण्यायेण्याचं भाडं. खरा खर्च माणसांच्या वेळेचा आहे आणि तो सरकारने द्यावा.

आणखी एका गोष्टीचा मी आग्रह धरीन. एक दिवस शिकवलं आणि प्रमाणपत्र दिलं, असं करू नये. महिन्या-दीड महिन्याने त्याच मुलांना वेगळ्या जागी न्यावं, काहीही न सांगता. गाठ मारता येते का, काठी रोवायचं कुणाला आठवतं का, परतीची वेळ कुणी लिहिली का, हे शिकवणाऱ्याने मागे चालत वहीत टिपावं. जे विसरलं गेलं तो शिकवण्याचा दोष धरावा आणि पुढचा पाठ त्यातून आखावा. दप्तराविना असलेल्या त्या दहा दिवसांपैकी चार दिवस जरी असे मिळाले, तर दोन ऑक्टोबरात, एक उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एक पहिल्या पावसानंतर, अशी वाटणी मला योग्य वाटते. पुण्या-रायगडातल्या, नाशिक-नगरमधल्या डोंगरालगतच्या काही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांपासून हे येत्या ऑक्टोबरात सुरू करता येईल. तिथले ओढे मुलांच्या रोजच्या वाटेवर आहेत, वाटाडे त्यांच्याच घरात आहेत, आणि पावसात शाळेत येताना पाणी पाहून परत फिरण्याचा निर्णय त्यांच्यापैकी कित्येकांना आजही एकट्यानेच घ्यावा लागतो.